सोकोच्या टेबलावरून

शेगडी जरा मागे सार, मुतिन्ता, पायाला चटके बसतायत. वीज आता लवकर काही येत नाही. आणि ते लॅपटॉप मिटा सगळ्यांनी. मघाशी तुमच्यापैकी कोणीतरी एका स्क्रिप्टला तीन सत्ते ठोकले. सात, सात, सात. म्हणजे या, बसा, कोणीही वाचा, कोणीही बदला, कोणीही चालवा. मी पाहिलं. नाव घेत नाही, पण कान कोणाचे लाल झालेत ते शेगडीच्या उजेडात दिसतंय. "बा चिसेंगा, तात्पुरतं आहे, उद्या बदलतो." असंच ना? 'बा' म्हणून मान तेवढा द्यायचा. काटोंगोही हेच म्हणाला होता.

काटोंगोला तुम्ही ओळखता. हो, तोच, मुफुलिराच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो तो. वर्गाचं दार कधी लावू देत नाही. पाऊस आत आला तरी नाही. मुलं त्यावरून त्याची टिंगल करतात. मला कारण माहीत आहे, कारण त्या रात्री शेवटी तो माझ्याच घरी येऊन बसला होता.

त्याआधी सोकोचं सांगतो. सोको आमच्या किट्वेच्या कंपनीचा जुना नेटवर्कवाला. तो न्गोनी जमातीचा आणि काटोंगो बेम्बा. आता न्गोनी आणि बेम्बा समोरासमोर आले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बेम्बा न्गोनीला उंदीरखाऊ म्हणणार, न्गोनी बेम्बाला माकडखाऊ. राग धरायचा नाही, धरला तर तुमचीच लाज. दोघं एकाच खोलीत शेजारी शेजारी बसायचे आणि दिवसभर हेच चालायचं. सोकोला आणखी एक खोड होती. कुठलीही फाईल लिहिली की पहिल्या ओळीत काहीतरी खोडी काढून ठेवायची. ती ओळ यंत्र वाचत नाही, माणसंच वाचतात. दाराच्या स्क्रिप्टवर त्यानं लिहून ठेवलं होतं, "माकडखाऊ, हात लावू नकोस."

ती स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रानं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, नीट समजून घ्या. आमची सर्व्हरची खोली म्हणजे खाणीचं जुनं गोदाम. हातभर जाड भिंती, खिडकी नाही, दार लोखंडी. आत मोबाईलची एक रेघ येत नाही. एका कोपऱ्यात सोकोचं टेबल, दुसऱ्यात लाल नळकांडी उभी. आग लागली की त्यातून वायू सुटतो आणि आग विझते. आत माणूस असला तर तोही विझतो. म्हणून सोकोनं क्रम ठरवून दिला होता. धूर दिसला की आधी दाराचं कुलूप सोडायचं. मग घंटा. घंटा थांबली की वायू. आणि त्या फाईलीला मालकाशिवाय, म्हणजे त्याच्या स्वतःशिवाय, दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही असं त्यानं करून ठेवलं होतं. माझ्यासुद्धा नाही. मी त्यावरून त्याला बोललोही होतो. तो म्हणाला, "बा चिसेंगा, दाराची किल्ली मी बापालाही देत नाही."

फेब्रुवारीच्या पावसात न्डोला रस्त्यावर एका ट्रकनं त्याला उडवलं.

मयताला आम्ही सगळे गेलो. मयतातही थट्टा करायची ही न्गोनी-बेम्बांची रीत, काटोंगोनं तिच्याप्रमाणे आपलं काम केलं. खांदेकऱ्यांपुढे आडवा पडला, पेटी पुढे जाऊ देईना. "ए उंदीरखाऊ, असा कसा जातोस? आता तुझी खुर्ची माझी. तुझं टेबल माझं. तुझ्या फाईली माझ्या. सगळं माझं." रडणारी माणसं हसली. सोकोच्या आईनं डोळे पुसत त्याच्या पाठीत एक बुक्की घातली आणि म्हणाली, "घे बाबा, सगळं घे, पण आता त्याला जाऊ दे." मग तो उठला आणि पेटीला खांदा द्यायला गेला. खांदा देताना मात्र तो हमसून हमसून रडत होता, ते मी पाहिलं.

आता गंमत बघा. यंत्राला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. सोकोचा नंबर एक हजार चार. तो गेला, साहेबांनी त्याचं खातं पुसलं. फाईली राहिल्या, पण मालकाच्या जागी नुसता नंबर उरला. पुढच्या आठवड्यात सोकोचं काम काटोंगोकडे आलं आणि त्या यंत्रावर त्याचं खातं उघडलं. यंत्रानं त्याला पहिला रिकामा नंबर देऊन टाकला. एक हजार चार. झालं. सोकोच्या प्रत्येक फाईलीपुढे काटोंगोचं नाव आलं. सकाळी ते बघून तो आधी हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बोललो तसंच झालं की."

"मग नंबर बदलून घ्यायचा ना," असं तू म्हणणार, मुतिन्ता. तोंड उघडलंस तेव्हाच कळलं. घ्यायचा होता. पण कोण उठून करतो?

मार्चचा शेवटचा शुक्रवार होता. पगाराचा दिवस. सगळं गाव बाटल्या आणि गाण्यात. आमच्या साहेबांना मात्र सोमवारच्या आत नेटवर्कवर नजर ठेवणारं नवीन सॉफ्टवेअर बसवून हवं होतं. कुठली लाईन पडली, कुठलं यंत्र तापलं, खोलीत धूर झाला का, सगळं त्यानं मिनिटामिनिटाला बघायचं आणि दर वेळी सोकोची स्क्रिप्टही चालवायची; धूर नसला तर ती नुसती तपासून थांबते. काटोंगो संध्याकाळी जेवून निघाला. फाटकावर बा सिन्काला राखणीला होते. म्हातारा, पण कान तिखट.

"पगाराच्या दिवशी कामाला? बायकोनं हाकललं का रे?"

"बायको माहेरी आहे, बा सिन्काला. साहेबांनी हाकललं."

"लवकर आटप. मी शेंगा भाजतोय, थंड झाल्या तर माझ्या नावानं ओरडू नकोस."

"दोन गाणी ऐका, तोवर येतो," असं म्हणून काटोंगो आत गेला. कार्ड लावलं, दार उघडलं, मागे आपोआप लागलं. आतून उघडायचं बटण पावसाळ्यात बिघडलं होतं. बाहेर पडायलाही कार्डच लावावं लागे. तात्पुरतं.

सॉफ्टवेअर सरळ बसलं. एकच अडचण आली. त्याचं स्वतःचं वेगळं खातं असतं, आणि त्या खात्याला सोकोची स्क्रिप्ट चालवता येईना. परवानगी नाही. पुन्हा प्रयत्न. परवानगी नाही. खरं तर एका खात्याला फक्त चालवण्याचा हक्क द्यायचा, लिहिण्याचा नाही. त्याला कितीसा वेळ लागतो? पण शेंगांचा वास दारातून आत येत होता म्हणे. त्यानं सात सात सात मारलं आणि एंटर दाबलं. स्क्रिप्ट चालली. हिरवा दिवा लागला. पहिल्या ओळीत "माकडखाऊ, हात लावू नकोस" दिसत होतं. काटोंगो स्क्रीनला म्हणाला, "लावला. काय करशील?"

पिशवी उचलली. दारापाशी गेला. कार्ड लावलं.

दार उघडलं नाही.

पुन्हा लावलं. शर्टाला पुसून लावलं. नाही. त्याला वाटलं, नवीन सॉफ्टवेअरनं काहीतरी गोंधळ केला. परत येऊन स्क्रिप्ट उघडली. वर एक नवीन ओळ होती. दार बंद ठेवा. ती त्यानं लिहिलेली नव्हती. त्यानं ती पुसली आणि दाराकडे गेला. सॉफ्टवेअर दर मिनिटाला स्क्रिप्ट चालवत होतं, तेव्हा मिनिटभर थांबला. कुलपात खट्ट आवाज झाला, पण दार हललं नाही. परत आला तर ओळ जागेवर.

ह्या वेळी पुसायला हात पुढे केला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ पुसली गेली. एकेक अक्षर. मागून पुढे. कोणीतरी सावकाश बोट दाबतंय तशी.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

ओळ परत आली. झटक्यात, अख्खी. आणि परत पुसली जाऊ लागली, अक्षर अक्षर. परत आली. परत पुसली जाऊ लागली...

काटोंगोनं दारावर हात आपटला. "बा सिन्काला!" बाहेरून लांबून आवाज आला, "काय रे?" "दार उघडत नाही. बाहेरून कार्ड लावा." म्हाताऱ्यानं लावलं. ओढलं. लाथ घातली. मग दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "पोरा, हे हलत नाहीये. मी बा चिसेंगांना फोन लावतो, घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हटल्यावर माणूस घाबरतो. तो घाबरला.

पण शिकलेला होता. त्यानं यंत्राला विचारलं, आत्ता आत कोण कोण आहे?

यंत्रानं तीन नावं दिली. एक, नवीन सॉफ्टवेअरचं खातं, त्यावर बाहेरून कोणीतरी आलेलं, कुठून ते कळेना. दुसरा काटोंगो, ह्या स्क्रीनवरून. तिसरा...

तिसराही काटोंगो. तोच नंबर, एक हजार चार.

कुठून, ते पुढे लिहिलेलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावरून.

त्या कोपऱ्यात सोकोचं टेबल होतं. त्याचा कॉम्प्युटर मयतानंतर साहेबांनी उचलून नेला होता. कीबोर्ड नाही, वायर नाही. टेबल आणि खुर्ची, एवढंच. काटोंगोनं मान वळवून बघितलं. खुर्ची टेबलाशी सरकवलेली असायची. आता ती थोडी मागे होती, बसायला जागा केल्यासारखी.

तो मला नंतर म्हणाला, "बा चिसेंगा, मला वाटलं तो माझ्यावर चिडून आला. मी त्याचं सगळं घेतलं. वर हात लावू नकोस म्हटलं तरी लावला. मला वाटलं तो आता मला कोंडून मारणार." आणि माणूस घाबरला की काय करतो? समोर दिसेल त्याला हाकलतो. त्यानं तो दुसरा काटोंगो यंत्रातून हाकलून दिला. एक हुकूम, एक एंटर.

कोपऱ्यात खुर्ची करकरली. एकदाच.

नावं दोन उरली.

त्यानं स्क्रिप्टकडे पाहिलं. दार बंद ठेवा. ओळ आली होती आणि राहिली होती. आता तिला कोणी पुसत नव्हतं. तिच्याखाली दुसरी ओळ आली. घंटा वाजवा. तिच्याखाली तिसरी. वायू सोडा.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओळ लिहिणारा वेगळा होता. पुसणारा वेगळा होता. आणि त्यानं पुसणाऱ्याला हाकललं होतं.

घंटा सुरू झाली.

त्या खोलीतली घंटा तुम्ही ऐकलेली नाही. दातात घुसते. काटोंगोनं वरची ओळ पुसली, ती आली. पुसली, आली. बाहेरचा जो कोणी होता त्याला उघड्या फाईलीत लिहायला कोण अडवणार? काटोंगोनंच तर सगळ्यांना या म्हटलं होतं. बाहेरून म्हातारा दार बडवत होता. घंटेत ते ऐकूही येत नव्हतं. काटोंगोला बायको आठवली. ती पोहोचली का ते विचारायला फोन करायचा राहिला होता.

पुसत बसून उपयोग नव्हता. फाईल बंद करायला हवी होती. मालकाची, आणि फक्त मालकाची. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं. सात, शून्य, शून्य. एंटर.

आणि वीज गेली.

सर्व्हर बॅटरीवर चालत राहिले. कुलूपही बॅटरीवर, घंटाही. स्क्रीनची वायर मात्र भिंतीतल्या साध्या प्लगला होती. तात्पुरती. डोळ्यांपुढे काळोख झाला. फाईल बंद झाली होती, पण त्या तीन ओळी आतच होत्या आणि चालायला लागलेल्या. आता बाहेरच्याला नवीन काही लिहिता येणार नव्हतं, पण काटोंगोला त्या ओळी दिसतच नव्हत्या, पुसणार कशा? तो चाचपडत कळा दाबत राहिला. काय लिहिलं जात होतं, कुठे जात होतं, देव जाणे.

मग त्यानं हात काढून घेतले.

लोखंडी दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. काळोखात, घंटेच्या वर आवाज काढून म्हणाला, "सोको. चुकलो. तुझंच आहे ते. माझं काही नाही. खुर्ची तुझी, टेबल तुझं, नंबरही तुझा. मला फक्त बाहेर जाऊ दे." आणि मग त्याला रडू आलं. मोठ्यानं. मयतातल्यासारखं.

घंटा थांबली.

घंटा थांबली की वायू, तुम्हाला सांगितलंय. त्यालाही माहीत होतं. त्यानं श्वास धरला. शेवटचाच म्हणून धरला.

काही नाही.

सर्व्हरच्या पंख्यांची घरघर. बाकी काही नाही...

मग कोपऱ्यातून...

टक.

टक. टक.

जिथे कीबोर्ड नव्हता तिथून. सावकाश. सोको दोन बोटांनी टाईप करायचा, आम्ही सगळे त्याला हसायचो. टक. टक... टक. काटोंगोनं तिकडे बघितलं नाही. मान वळेना. टक. मध्येच थांबायचं, जरा विचार करायचा. टक, टक.

मग एक जोराची टक.

त्याच्या पाठीमागचं दार सुटलं आणि तो उताणा बाहेर पडला, बा सिन्कालांच्या पायांवर.

म्हातारा अजूनही सांगत असतो की आपण दार ओढलंच नव्हतं, आपण देवाचं नाव घेत बाजूला उभे होतो. काटोंगो उठला आणि पळत सुटला. पिशवी आत, चपला आत, दार सताड उघडं. मी तोवर फाटकाशी पोहोचलो होतो. त्याला गाडीत घातलं, घरी नेलं. माझ्या बायकोनं ऊन ऊन पेज दिली, ती त्याच्या हातून सांडली. रात्रभर तो माझ्या बैठकीत घोंगडी पांघरून बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसलो होतो. दोघांनीही डोळा लावला नाही. दिवा मालवायचा नाही, दार लावायचं नाही, एवढंच तो मधून मधून म्हणे. मला त्याची फार कणव आली.

साहेब नंतर म्हणाले, कोणीतरी चोर इंटरनेटवरून घुसला असणार, नवीन सॉफ्टवेअरचा पासवर्ड बदललेला नव्हता. असेल. लिहिणारा तोच असेल, मी कुठे नाही म्हणतो. मी पुसणाऱ्याचं विचारतोय.

सकाळी वीज आल्यावर मी काटोंगोला घेऊन परत गेलो. बा सिन्काला फाटक सोडून हलले नव्हते. रात्री त्या दाराजवळ कोणी गेलं नाही, ते शपथेवर सांगतात. आम्ही स्क्रीन लावली, फाईल उघडली. परवानगी सात शून्य शून्य. तीन ओळी गेलेल्या. सोकोचा जुना क्रम जिथल्या तिथे, आधी दार, मग घंटा, मग वायू. फाईल शेवटची बदलल्याची वेळ पहाटेची. त्या वेळी तिला हात लावू शकेल असा एकच पासवर्ड होता, मालकाचा, आणि तो ज्याला ठाऊक होता तो माझ्या घोंगडीत बसला होता.

पहिली ओळ मात्र बदललेली होती. काटोंगोनं ती वाचली आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. मग मी वाचली.

"सगळं माझं म्हणाला होतास ना, माकडखाऊ? मग दार उघडं टाकून कुठे पळालास?"